कॅनिंगचा आंबा कारखान्यात नेमका कुठे अडतो? कामाचा नकाशा काढायची साधी पद्धत

पावस (ता. रत्नागिरी) : मे महिना अर्धा सरला की पावस, गोळप, नाखरे, मावळंगे या पट्ट्यात एक वाक्य हमखास कानावर येतं, "आज खरेदी बंद." गाडी भरून आणलेला बागायतदार गेटवर उभा, क्रेट उन्हात, आणि आत रस काढायचं यंत्र कधी चालू तर कधी बंद. बागायतदाराला वाटतं, दर पाडायला मुद्दाम थांबवलंय. कारखानदाराला वाटतं, यंत्र लहान पडतंय, पुढच्या वर्षी कर्ज काढून मोठं घेऊ. पुष्कळदा दोघांचाही अंदाज चुकलेला असतो. माल अडलेला असतो तिसऱ्याच ठिकाणी, शेडच्या मागच्या बाजूला, जिकडे फारसं कोणी बघत नाही.

ते ठिकाण शोधून काढायची एक जुनी, बिनखर्चाची पद्धत आहे. तिला कामाचा नकाशा म्हणतात. मोठ्या कंपन्यांत त्यासाठी सल्लागार येतात, पण दहा-पंधरा माणसांच्या आमरस कॅनिंगला किंवा काजू प्रक्रियेच्या शेडला ती कागद, पेन्सिल आणि खिशातल्या मोबाईलवर करता येते.

नकाशा कशाचा?

माल गेटमधून आत आल्यापासून डबा खोक्यात बंद होईपर्यंत त्याचं जे जे होतं, ते त्याच क्रमाने कागदावर मांडायचं, एवढंच हे काम. कुठे त्याच्यावर काम झालं, कुठे त्याला उचलून नेलं, कुठे तपासलं आणि कुठे तो नुसता पडून राहिला. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच कोणी लिहीत नाही. कारण पडून राहिलेल्या मालाचा आवाज होत नाही.

या पद्धतीची सुरुवात अमेरिकेत झाली. फ्रँक गिलब्रेथ हा मूळचा गवंडी. विटा रचताना गवंडी दर विटेसाठी खाली वाकतो, वीट उचलतो, फिरवून बघतो, मग लावतो, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने विटा कमरेच्या उंचीवर येतील अशी परांची केली आणि एका विटेमागच्या १८ हालचाली जवळपास ५ वर आणल्या. गवंडी जास्त दमला नाही, उलट वाकणं वाचलं. पुढे १९२१ साली त्याने आणि त्याची पत्नी लिलियन हिने तिथल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे कामाचा असा तक्ता मांडला. १९४७ मध्ये त्याच संस्थेने तक्त्यासाठी पाच खुणा ठरवून दिल्या. त्या आजही तशाच चालतात. गोल म्हणजे काम, बाण म्हणजे वाहतूक, चौकोन म्हणजे तपासणी, इंग्रजी डी म्हणजे थांबणं, आणि उलटा त्रिकोण म्हणजे साठा.

आपल्याकडच्या शेडमध्ये शिरल्यावर पहिलं काय दिसतं? जमिनीवर ठेवलेल्या क्रेट आणि त्यावर वाकलेल्या बायका. गिलब्रेथच्या गवंड्याला शंभर वर्षांपूर्वी जे सुख मिळालं, ते पावसच्या कामगार बाईला अजून मिळायचं आहे. क्रेट ठेवायला कमरेइतक्या उंचीचा लोखंडी घोडा गावातला वेल्डर एका दिवसात करून देतो.

एका क्रेटला फडकं बांधा

नकाशा ऑफिसात बसून काढायचा नाही. मालकाला विचारलं तर तो काम कसं व्हायला पाहिजे ते सांगतो, मुकादमाला विचारलं तर कसं होतं म्हणून सांगायचं ते सांगतो. त्यापेक्षा सकाळी गेटवर उतरलेल्या एका क्रेटला लाल फडकं बांधावं आणि ती जिथे जिथे जाईल तिथे मोबाईलवर तिचा फोटो काढावा. फोटोची तारीख आणि वेळ फोनमध्ये आपोआप राहते. वही विसरली तरी चालतं. शेवटी गॅलरी उघडून वेळा उतरवून घेतल्या की अर्धा नकाशा तयार.

आमरसाच्या कारखान्यात ही क्रेट साधारण असा प्रवास करते. गेटवर रांग. वजनकाटा. उतरवून आढीत किंवा पिकवण खोलीत. तिथे काही दिवस. मग निवड, म्हणजे पिकलेलं पुढे, हिरवट मागे, कुजलेलं बाहेर. धुणं. देठ काढणं. मग पल्पर, म्हणजे बाठा आणि साल वेगळी करून रस काढणारं यंत्र. रस चाळणीतून जातो, वाफेच्या कढईत तापतो, गरम असतानाच डब्यात भरतो, सीमिंग यंत्रावर झाकण बसतं. मग डबे जाळीच्या टोपलीत रचून उकळत्या पाण्याच्या टाकीत. तिथून थंड पाण्यात, मग पुसून सुकवणं, गोदामात ठेवून फुगतो का गळतो का ते बघणं, लेबल, खोका.

हे वाचताना सोपं वाटतं. पण फोटोंच्या वेळा मांडल्या की दिसतं ते असं. क्रेटवर खरं काम होतं ते सगळं मिळून काही तासांचं. बाकीचे दिवस ती कुठे ना कुठे थांबलेली असते. त्यातलं आढीतलं थांबणं गरजेचं, कारण आंबा घाई केल्याने पिकत नाही. लवकर पिकावा म्हणून कार्बाइड, ज्याला बाजारात मसाला म्हणतात, ते वापरायला कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूच्या खोलीला ठरलेल्या प्रमाणात परवानगी आहे. म्हणजे पिकण्याचं थांबणं धरून चाला. प्रश्न आहे तो पिकल्यानंतरच्या थांबण्याचा. हिरवा आंबा थांबतो, पिकलेला थांबत नाही.

कोंडीची जागा

रत्नागिरीतून येताना भाट्याच्या पुलावर एखादी गाडी बंद पडली की मागे रांग लागते. मागच्या गाडीचं इंजिन कितीही जोरकस असो, पूल सुटेपर्यंत ती जागची हलत नाही. कारखान्यातही अशी एकच जागा असते. अख्खा कारखाना तिच्याच वेगाने चालतो. ती कशी ओळखायची, ते आकड्यात बघू. हे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत, प्रत्येक शेडचे वेगळे येतील.

समजा, पल्परमधून तासाला ५०० किलो आंबा निघतो. हापूसचा रस वजनाच्या साधारण निम्मा धरला तर तासाला २५० किलो रस. कढईत एका वेळी १०० किलो रस मावतो आणि भरून, तापवून, रिकामी करायला अर्धा तास लागतो, म्हणजे तासाला २०० किलो. सीमिंग यंत्र मिनिटाला ६ डबे बंद करतं, म्हणजे तासाला ३६०. डबा ८५० ग्रॅमचा, म्हणजे ३०६ किलो. आता उकळत्या पाण्याची टाकी. टोपलीत १२० डबे बसतात. टोपली भरायला आणि रिकामी करायला मिळून २० मिनिटं, टाकीत सोडल्यावर पाणी पुन्हा उकळायला १० मिनिटं, आणि उकळण्याची ठरलेली वेळ ३० मिनिटं. एक फेरी एका तासाची. तासाला १२० डबे, म्हणजे १०२ किलो.

पल्पर २५०, कढई २००, सीमर ३०६ आणि टाकी १०२. मालक मात्र पल्पर बदलायच्या विचारात असतो, कारण पल्पर मोठा, आवाज करणारा आणि पाहुण्याला दाखवता येण्यासारखा. टाकी म्हणजे काय, मागे चुलीसारखी धगधगणारी एक वस्तू. नवीन पल्पर आणला तरी दिवसाला एक डबा जास्त निघणार नाही. उलट रस जास्त वेगाने निघेल आणि कढईपुढे टपांत साचून बसेल. साचलेला रस काळपट होतो, उन्हाळ्याच्या उष्म्यात आंबायला लागतो. म्हणजे पैसे घालून माल खराब करण्याची सोय.

आता टाकीचा तास फोडून बघा. त्यातली २० मिनिटं टोपली भरण्या-रिकामी करण्यात जातात, आणि तेवढा वेळ टाकी रिकामी उकळत असते. दुसरी टोपली करून घेतली, तर पहिली टाकीत असताना दुसरी बाहेर भरता येते. फेरी ६० वरून ४० मिनिटांवर येते. तासाला १८० डबे, १५३ किलो रस. दहा तासांच्या दिवसात आधी १,०२० किलो रस निघत होता, आता १,५३०. आंब्याच्या हिशेबात दिवसाला दोन टनांच्या जागी तीन टन. खर्च काय, तर एक जाळीची टोपली आणि ती उचलायला चेनपुली.

इथे तीन गोष्टी सांभाळायच्या आहेत.

पहिली, उकळण्याच्या ३० मिनिटांना हात लावायचा नाही. ती वेळ डब्याचा आकार, रसाचं तापमान आणि आंबटपणा बघून अन्नतंत्राच्या जाणकाराने ठरवलेली असते, आणि पाणी पुन्हा उकळायला लागल्यापासून मोजायची असते. आमरस मुळात आंबट पदार्थ असल्यामुळे त्याला साध्या उकळत्या पाण्याची टाकी पुरते. तीच टाकी वापरून कोणी कच्च्या फणसाची भाजी किंवा वाटाणा डब्यात भरायला गेला तर ते जिवावर बेतू शकतं. त्याला दाबाची वाफ लागते. वेग वाढवायच्या नादात कुठला वेळ कापायचा आणि कुठला नाही, हे नकाशावर लाल पेनाने लिहून ठेवावं.

दुसरी, बॉयलर. कढई आणि टाकी बहुधा एकाच बॉयलरची वाफ घेतात. टाकी सलग चालायला लागली की कढईला वाफ कमी पडू शकते. तसं झालं तर कोंडी टाकीवरून बॉयलरवर गेली असं समजायचं. कोंडी कधी संपत नाही, ती सरकते. म्हणून एकदा सुधारणा केली की पुन्हा मोजायचं.

तिसरी, भरून ठेवलेले डबे फार वेळ बाहेर राहू नयेत. डबे गार झाले तर टाकीतलं पाणी उकळायला जास्त वेळ घेतं आणि वाचवलेली मिनिटं तिथेच जातात.

मग पल्परचं काय करायचं? टाकी जेवढं घेते तेवढाच चालवायचा. मधे पंधरा मिनिटं बंद राहिला तरी बिघडत नाही. बंद यंत्र बघून मालकाला करमत नाही आणि उभी असलेली माणसं बघून तर मुळीच नाही, हा कोकणातलाच नव्हे तर सगळीकडचा अनुभव. पण पल्परवरच्या दोन बायका त्या वेळात टोपली भरायला गेल्या तर कोंडीच्या जागेला मदत होते.

आणि लाईट. मे महिन्यात वारा सुटला की दुपारी वीज जाणं नवीन नाही. नकाशा काढताना एक दिवस वीज असतानाचा आणि एक वीज गेलेल्या दिवसाचा, असे दोन काढावेत. पल्पर जनरेटरवर चालवायचा की आधीच निघालेला रस डब्यात बंद करायला सीमर चालवायचा, हे वीज गेल्यावर ओरडून ठरवण्यापेक्षा आधी ठरलेलं बरं. निघालेला रस आधी बंद झाला पाहिजे. आंबा सालीत तासभर जास्त राहू शकतो.

गेट, आढी आणि बागायतदार

हा भाग कारखानदारापेक्षा बागायतदाराच्या कामाचा आहे. गेट कधी उघडणार आणि कधी बंद होणार, हे मागच्या टाकीवर ठरतं. त्याचा हिशेब सोपा आहे. आत साठलेला माल भागिले रोज बाहेर पडणारा माल, बरोबर माल किती दिवस आत राहणार. अमेरिकेतले प्राध्यापक जॉन लिटल यांनी १९६१ साली या साध्या भागाकाराची गणिती सिद्धता दिली. तो बँकेच्या रांगेलाही लागू पडतो आणि आढीलाही.

वरच्याच उदाहरणात आढीत ९ टन आंबा असेल आणि रोज २ टन संपत असेल, तर शेवटच्या क्रेटची पाळी साडेचार दिवसांनी. दुसरी टोपली आल्यावर ३ टन संपायला लागला, तर तीन दिवसांनी. पिकलेला आंबा दोन दिवस नीट राहतो असं धरलं, तर कोणत्याही वेळी पिकून तयार असलेला माल दोन दिवसांच्या कामापेक्षा जास्त असता कामा नये. आधीच्या वेगाने ही मर्यादा ४ टन, नंतरच्या वेगाने ६ टन. याच्या वर जे पिकेल त्यातलं काही कुजणार, हे ठरलेलंच. आणि कुजलेल्या मालाचा तोटा कारखानदार एकटा सोसत नाही. तो दुसऱ्या दिवशीच्या दरात आणि काट्यावरच्या कटतीत परत बागेकडे येतो.

कॅनिंगचा दर काही एका शेडवर ठरत नाही. बाहेरचे मोठे खरेदीदार, कर्नाटकाचा माल, निर्यातीची मागणी, एकदम आलेला आंबा, अशी त्याची कारणं बरीच आहेत. पण "आज बंद" ही पाटी मात्र पुष्कळदा शेडच्या आतून येते. पेटीत न बसणारा, डागी, लहान, पडीचा आंबा विकायची बहुतेकांना कॅनिंग हीच जागा असते. ती दोन दिवस बंद राहिली तर तो आंबा कुठेच जात नाही.

यावर काही ठिकाणी साधा उपाय चालतो. आदल्या संध्याकाळी आढीतला पिकलेला माल मोजायचा, उद्या टाकी किती घेईल ते बघायचं आणि तेवढ्याच गाड्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर वेळ द्यायची. सकाळी आठची गाडी आठला, अकराची अकराला. गेटवर दहा गाड्या एकदम आल्या तर काटा मोठा करून भागत नाही. गाड्या वेळेने आल्या तर लहान काट्यावरही भागतं.

आढीत आधी आलेला माल आधी निघेल अशी मांडणी हवी. ऐकायला किरकोळ वाटतं. पण दाराजवळची क्रेट उचलायला सोपी, म्हणून नवीन आलेला माल आधी जातो आणि कोपऱ्यातला चार दिवस जुना तिथेच बसतो. प्रत्येक रांगेवर खडूने तारीख टाकली की हे थांबतं. दोन दारं असतील तर एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर.

साका : तपासणी कुठे ठेवायची

नकाशावरच्या चौकोनांची, म्हणजे तपासणीच्या जागांची, वेगळी गोष्ट आहे. हापूसमधला साका बाहेरून दिसत नाही. फळ देखणं, रंग उत्तम, आणि कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा, बेचव गर. चौदा आणे तयार, म्हणजे साधारण ८० ते ८५ टक्के पक्व झालेला आंबा काढला तर साका कमी निघतो, हे दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ बरीच वर्षं सांगत आलं आहे. झाडावर फार तयार झालेल्या आणि तापलेल्या जमिनीवर पडून राहिलेल्या फळात तो जास्त सापडतो. कॅनिंगला नेमका असाच आंबा बराच येतो.

म्हणजे गेटवर कितीही डोळे फाडून बघितलं तरी साका सापडणार नाही. तिथे उभी केलेली दोन माणसं फक्त कूज आणि डाग बघू शकतात. साका पकडायचा तर पल्परच्या आधी फळ कापून बघणारं टेबल हवं. अख्खं फळ यंत्रात गेलं की साका रसात मिसळला, मग तो काढता येत नाही. चव आणि रंग दोन्ही उतरतात, आणि अख्खा लॉट कमी दराने जातो. तपासणी नेहमी अशा जागी ठेवावी, जिथे दोष दिसू शकतो आणि अजून दुरुस्त करता येतो. शेवटच्या डब्यावर बसवलेला तपासनीस फक्त वाईट बातमी सांगतो.

कापून बघणाऱ्या टेबलावर दर क्रेटमागे किती साका निघाला याच्या रेघा मारून ठेवल्या, आणि क्रेटवर बागेचं नाव असलं, तर आणखी एक गोष्ट कळते. कुणाच्या बागेतला आंबा उशिरा काढला जातोय ते. ते त्या बागायतदाराला भांडण म्हणून न सांगता माहिती म्हणून सांगितलं, तर पुढच्या तोडणीत फरक पडू शकतो. नकाशा मग गेटवर सुरू न होता बागेत सुरू होतो.

काजूचं गणित वेगळं

आमरसाचं काम दीड-दोन महिन्यांचं, तर काजूच्या शेडमध्ये बी साठवून ठेवून वर्षभर काम चालतं. तिथे वेगाचा प्रश्न तेवढा नसतो. तिथे प्रश्न असतो तुटीचा. अख्खा गर, पाकळी आणि तुकडा यांच्या दरात मोठं अंतर. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात, साधारण ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० अख्खे गर. डब्ल्यू २४० म्हणजे २२० ते २४०. डब्ल्यू १८० म्हणजे १७० ते १८०, हा सगळ्यात मोठा आणि महाग. वेंगुर्ला ७ सारख्या मोठ्या बीचा गर अख्खा निघाला तर सोनं, फुटला तर त्याची किंमत तुकड्याचीच.

काजूचा प्रवास असा. बी उन्हात वाळवणं, आकाराप्रमाणे वेगळी करणं, वाफवणं, रात्रभर गार करत ठेवणं, कटरवर फोडणं, गर ड्रायरमध्ये वाळवणं, साल काढणं, ग्रेडिंग, भरणी. इथे नकाशावर डी अक्षर बघून लगेच खोडायला जाऊ नये. वाफवल्यानंतरचं रात्रभर थांबणं हे काम आहे. गरम बी घाईने फोडली तर गर तुटतो. ड्रायरमधले सहा-आठ तासही कापता येत नाहीत. नीट न वाळलेल्या गराची साल सुटत नाही, मग सुरी जोरात लागते आणि गर फुटतो. उलट फार वाळला तर तो नुसत्या हाताने तुटतो.

म्हणून काजूत घड्याळापेक्षा वाटी कामाची. प्रत्येक टेबलावर एक वाटी ठेवायची आणि त्या टेबलावर तुटलेला गर तिच्यात टाकायचा. संध्याकाळी वाट्यांचं वजन करायचं. तूट ग्रेडिंगच्या टेबलावर दिसते म्हणून ती तिथे झाली असं नसतं. आठवडाभर वाट्या मोजल्या की कळतं, कटरचं पातं बोथट आहे, की लहान-मोठी बी एकत्र येते आणि कटर एकाच मापाला लावलेला आहे, की गराची पोती एकावर एक फेकली जातात. शेवटचं कारण ऐकून लोक हसतात. पण ड्रायर ते सोलणीचं टेबल एवढ्या अंतरात गर किती वेळा ओतला जातो, हे मोजून बघावं. दर ओतण्याला काही गर फुटतातच. पाच ओतणी दोनवर आली तर त्याला यंत्र लागत नाही, पसरट ट्रे लागतात.

सगळं काम एकाच छताखाली व्हायला पाहिजे असंही नाही. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. त्यांची पद्धत अशी की पीठ केंद्रावर एकसारखं मळायचं, लाट्या बायकांनी घरी न्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पापड तपासून घ्यायचे. चव जिथे ठरते ते काम एका जागी, हात जिथे लागतात ते काम घरोघर, आणि परत येताना तपासणी. काजू सोलणी किंवा कोकम, आंबापोळीसारख्या बचत गटाच्या कामात ही वाटणी विचार करण्यासारखी आहे. गरम भरलेल्या आमरसाच्या डब्यात ती चालत नाही.

मोजायला आलं की माणसं बिचकतात

हातात घड्याळ घेऊन कोणी टेबलाजवळ उभं राहिलं की बायकांचा हात एक तर फार जोरात चालतो, नाही तर थांबतो. यात त्यांचं काही चुकत नाही. वेळ मोजल्यावर नगाचा दर कमी होणार किंवा माणसं कमी होणार, ही भीती साधार आहे. ज्या शेडमध्ये नकाशा काढून पहिल्याच आठवड्यात दोन बायका घरी पाठवल्या, तिथे दुसऱ्यांदा कोणी खरं सांगणार नाही. त्यामुळे मोजणी मालाची करायची, माणसाची नाही. फडकं क्रेटला बांधलेलं आहे, बाईला नाही, हे आधीच स्पष्ट सांगावं. आणि सुधारणेने जास्त डबे निघाले तर त्यातलं काही मजुरीत दिसलं पाहिजे. नाही तर ती सुधारणा मालक गावाला गेला की बंद पडते.

दुसरं म्हणजे, कोंडी कुठे आहे हे टाकीवरच्या माणसाला बहुतेक वेळा माहीत असतं. त्याला कोणी विचारलेलं नसतं. काजूच्या कटरवर बसणाऱ्या बाईला टरफलातल्या तेलाने हात पोळतात, ती मधे मधे उठून हाताला तेल किंवा राख लावायला जाते. नकाशावर ते नुसतं चालणं दिसतं. विचारलं तर कळतं की तेलाची वाटी तिच्या बाजूला ठेवली आणि बरे हातमोजे दिले तर उठायची गरजच नाही.

मदत कुठून मिळते

लघुउद्योगांसाठी केंद्र सरकारची लीन योजना मार्च २०२३ मध्ये सुरू झाली. त्या वेळी हे खातं नारायण राणे यांच्याकडे होतं. तिच्यात तीन पायऱ्या आहेत. पहिली प्राथमिक, पुढे मधली आणि प्रगत. पुढच्या दोन पायऱ्यांना सल्लागार शेडवर येऊन काम करून घेतो आणि त्याच्या खर्चाचा ९० टक्के भाग सरकार उचलेल अशी तरतूद आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते. यंत्रसामग्रीसाठी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना २०२० पासून आहे. तिच्यात वैयक्तिक उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान आणि स्वतःचा किमान १० टक्के हिस्सा, असं गणित आहे. पहिल्या योजनेची चौकशी रत्नागिरीच्या जिल्हा उद्योग केंद्रात आणि दुसरीची कृषी विभागाकडे करावी. अर्ज सध्या घेतले जात आहेत का, हे आधी विचारून घ्यावं.

बँकेत कर्जाची फाईल नेताना त्यासोबत आपल्या शेडचा नकाशा आणि चार-पाच दिवसांचे मोजलेले आकडे असतील तर बोलणं सोपं जातं. मोठा पल्पर कशाला हवा, याचं उत्तर आकड्यात देता येतं. किंवा तो नको, टोपली आणि बॉयलरच पाहिजे, हे घरीच कळून कर्जाचा आकडा लहान होतो.

कागदपत्रं पावसाळ्यातही करता येतात. मोजणी मात्र हंगाम चालू असतानाच करावी लागते. मृगाचा पाऊस पडला की आंबा भिजतो, माणसं भाताच्या पेरणीला निघून जातात आणि टाकी थंड होते. रिकाम्या शेडचा नकाशा काढला तर त्यात कोंडी कुठेच दिसत नाही. त्यामुळे ज्यांना पुढच्या वर्षीची तयारी करायची आहे, त्यांनी याच मे महिन्यातले चार दिवस ठरवावेत. दोन दिवस ऐन गर्दीचे, एक कमी मालाचा आणि एक वीज गेलेला.